ताटाएवढे डोळे कसे करावेत

हळदीची पानं पंचेचाळीस, जुन्या इरल्याचा सांगाडा एक, घोंगडी एक, बांबूच्या चोया मूठभर, सेफ्टी पिना घरात सापडतील तेवढ्या आणि आत्या एक. एवढ्या साहित्यात एक फोटो होतो. वेळ साडेतीन दिवस. हे प्रमाण किती माणसांना पुरतं असं विचारू नये. फोटोत एकच माणूस येतो, बाकीची तीन माणसं छत्री, पांढरं धोतर आणि गाय धरायला लागतात.

ज्यांना हा प्रकारच ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एखाद्या माणसाच्या अंगावर मुद्दाम काहीतरी चढवायचं, त्याला मुद्दाम रानात नाहीतर समुद्रावर न्यायचं, एका जागी मुद्दाम उभं करायचं आणि तो तिथेच उगवला असावा असा फोटो काढायचा, याला कलेच्या जगात मान आहे. लग्नाआधी जोडपी पैठणी आणि जाकीट घालून धबधब्यापाशी जे काढून घेतात तेही वरवर हेच. फक्त तिथे पोशाख भाड्याचा असतो आणि न भिजवता परत करायचा असतो, त्यामुळे चेहऱ्यांवर प्रेमापेक्षा अनामत रकमेची काळजी जास्त दिसते.

आपल्याकडे पूर्वी हा उद्योग उलट्या बाजूने चालायचा. माझ्या आजी-आजोबांचा एकमेव जोडफोटो तालुक्याच्या गावच्या स्टुडिओतला आहे. मागे पडद्यावर रंगवलेलं तळं, तळ्यात दोन हंस, कडेला कुठल्याशा महालाचा कठडा. घराच्या मागल्या दारी खरी खाडी, खरे बगळे आणि खरं रान असताना दोघं अर्धा दिवस चालून त्या हंसांपाशी गेली. निसर्ग म्हणजे जे आपल्या परड्यात नाही ते, असा त्या काळचा समज असावा. आता आपण बरोबर उलट करतो, आणि तेही चालतच.

गुरू आधी करावा

मी दोन गुरू केल्या. दोघींना याची कल्पना नाही. एक फिनलंडची रीटा इकोनेन आणि दुसरी नॉर्वेची कॅरोलिन ह्योर्थ. नावांचे उच्चार चुकत असतील तर गुरूंनी पोटात घालावं. रीटा लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकलेली, अंगावर काहीबाही चढवण्यात रमणारी. तिला उत्तरेकडच्या लोककथांतली पात्रं वयस्कर माणसांकडून उभी करून घ्यायची होती. वारा, डोंगर, पाणी माणसाचं रूप घेऊन येतात अशा त्या गोष्टी. नॉर्वेत जोडीदार हवा होता, म्हणून तिने इंटरनेटवर तीन शब्द टाकले: नॉर्वेजियन, आज्या, फोटोग्राफर. सगळ्यात वर कॅरोलिनचं नाव आलं, कारण कॅरोलिन नॉर्वेतल्या आज्यांवरच पुस्तक करत होती. आपल्याकडे स्थळ बघताना याच्या दसपट चौकशी होते आणि तरी इतकं जमत नाही.

२०११ साली काम सुरू झालं. नाव ठेवलं 'आइज ॲज बिग ॲज प्लेट्स', म्हणजे ताटाएवढे डोळे. नॉर्वे-फिनलंडपासून निघालेल्या या दोघी आइसलंड, ग्रीनलंड, जपान, दक्षिण कोरिया, सेनेगल असं करत हिंडल्या. २०१७ मध्ये पहिलं पुस्तक निघालं. त्यांच्या फोटोंत निवृत्त शेतकरी आहेत, मासेमारी करणारे आहेत, प्लंबर, ऑपेरा गायक, प्राणिशास्त्राचे अभ्यासक आहेत आणि नव्वदीत पॅराशूट बांधून उडी घेणारंही कुणीतरी आहे. कुणाच्या डोक्यावर समुद्रशेवाळाचा भारा, कुणी वाळक्या काटक्यांत गळ्यापर्यंत बुडालेलं, कुणी गवताची गंजी होऊन बसलेलं. हसत मात्र कुणी नाही. डोक्यावर अर्धं रान घेऊनही ती माणसं अशी बसतात की वाटतं, सात-बारा यांच्याच नावावर असणार.

फोटोतल्या माणसांना त्या मॉडेल म्हणत नाहीत, सहयोगी म्हणतात. आधी गप्पा मारायच्या, त्या माणसाचा त्या जागेशी काय संबंध आहे ते समजून घ्यायचं आणि मग आजूबाजूला जे उगवलेलं किंवा पडलेलं असेल त्यातून पोशाख करायचा, अशी त्यांची रीत. मी 'सहयोगी' हा शब्द वाचला, छान आहे म्हटलं आणि पुढच्या फोटोकडे गेले. नवशिके नेमके इथे चुकतात.

माणूस मिळवणे

घरातलाच घ्यावा. स्वस्त पडतो. माझी आत्या गुहागर तालुक्यात आमच्या मूळ घरी राहते, वय ऐंशीच्या पुढे, नेमकं किती यावर तिचं आणि रेशनकार्डाचं एकमत नाही. श्रावणात मी चार दिवसांची रजा काढून गेले. लावणी उरकलेली, माणसं जरा मोकळी. पहिल्या संध्याकाळी ओटीवर बसून मी तिला मोबाइलवर त्या नॉर्वेच्या फोटोंमधला एक दाखवला. पानांनी झाकलेली, चिखलात उभी असलेली एक म्हातारी. आत्याने चष्मा लावला, मोबाइल लांब धरला, जवळ धरला.

"लावणीला निघालेय वाटतं ही."

मी सांगितलं की लावणीबिवणी नाही, ही कला आहे. परदेशात मोठमोठ्या दालनांत हे फोटो लावतात.

"मग इरलं असं मागे पडलेलं कशाला घेतलंय? पाणी मानेवर येईल की तिच्या."

आता इरलं ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: बांबूच्या विणलेल्या सांगाड्यावर पानं दाबून बसवलेलं, डोक्यावरून पाठीवर गुडघ्यांपर्यंत उतरणारं हे पावसाळी कवच. वाकून लावणी करताना दोन्ही हात मोकळे राहतात आणि पाठ कोरडी राहते. प्लास्टिक आल्यावर आधी पानं गेली, मग सांगाडे गेले. लांबून पाहिलं तर खाचरात दहा-बारा मोठी कासवं एका रांगेत मागे सरकताहेत असं दिसायचं. ज्याला आज 'परिधान करण्याजोगं शिल्प' म्हणतात ते आमच्या पडवीत आढ्याला लटकत होतं आणि त्यात मांजर व्यालेलं होतं.

असे नमुने शोधायला लागलं की थांबवत नाही. गोव्यात २४ जूनला सांजांवला माणसं डोक्यावर पानाफुलांचं कोपेल घालून विहिरीत उड्या मारतात. धनगर घोंगडीची खोळ करून उभ्या पावसात मेंढरांमागे उभा असतो, तेव्हा लांबून तो दगड की माणूस ते कळत नाही. यांच्यापैकी कुणाला दालन मिळालेलं नाही. फ्रान्सच्या शार्ल फ्रेजेने मात्र असल्याच गोष्टींचं सोनं केलं. युरोपातल्या गावोगावच्या हिवाळी सोंगांतले केसाळ, पेंढ्याचे, शिंगांचे पोशाख त्याने जत्रेच्या गर्दीतून उचलून मोकळ्या माळावर उभे केले आणि 'वाइल्डर मान' हे पुस्तक केलं. पोशाख गावाचा, जागा त्याची. हा चोख व्यवहार आहे. नवशिक्याने सुरुवात इथून करायला हरकत नव्हती. मी केली नाही, मला स्वतःचं काहीतरी करायचं होतं.

पाला निवडणे

पोशाखासाठी पान मोठं हवं, एवढंच मला ठाऊक होतं. वहाळाच्या कडेला रानअळूची पानं सुपाएवढी वाढली होती. वरती पाण्याचे थेंब पाऱ्यासारखे पळताहेत, कडा लहरदार, आकार बदामी. अशी टोपी त्या नॉर्वेवाल्यांना जन्मात मिळाली नसती. मी वीस पानं देठांसकट कापून, उराशी धरून घरी आणली.

आत्याने ओटीवरून बघितलं. "खाजरं आहे ते. टाक आधी." मग, मी टाकत नाही असं बघून, "बरं, धर थोडा वेळ."

थोड्या वेळाने मी आमसुलाच्या पाण्यात कोपरापर्यंत दोन्ही हात बुडवून बसले होते. अळवाच्या अंगात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते कातडीत शिरतात, म्हणून भाजीचं अळू चिरताना हाताला तेल लावतात आणि शिजवताना चिंच घालतात, हे मला माहीत होतं. पण ते स्वयंपाकघरात माहीत होतं. कलेच्या वेळी आठवलं नाही.

दुसरा प्रयोग आंब्याच्या डहाळीचा. शेंड्याला पानांचा सुबक गोळा होता, जणू कुणी शिवून ठेवलेला. तो खरोखरच शिवलेला होता. हुमल्यांचं घर होतं ते. या तांबड्या मुंग्या पानं जोडून, आपल्या अळ्यांच्या रेशमाने चिकटवून घर करतात, आणि पाहुण्यांचं स्वागत मानेपासून सुरू करतात. याविषयी अधिक लिहीत नाही.

तेव्हा नियम असा: जे पान अंगावर घालायचं ते आधी घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाला दाखवावं. आत्याने तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून परड्याकडे बोट केलं. हळद कमरेएवढी वाढली होती. पानं हातभर लांब, रुंद, हिरवीगार, आणि नुसता हात लागला तरी वास. "ही घे. पण एका रोपाचं एकच पान काढायचं. ओरबाडू नको, खाली कांदा पोसायचाय अजून." पंचेचाळीस रोपं, पंचेचाळीस पानं. तिने उभं राहून मोजली.

टाचणी, पिन आणि चोय

या कलेचा खरा इतिहास लिहायचा तर तो टाचण्यांचा लिहावा लागेल. १९१७ साली यॉर्कशरमधल्या कॉटिंग्ली गावात सोळा वर्षांची एल्सी राइट आणि तिची नऊ वर्षांची मावसबहीण फ्रान्सिस ग्रिफिथ्स घरामागच्या ओढ्यावर गेल्या आणि पऱ्यांचे फोटो घेऊन परत आल्या. कॅमेरा एल्सीच्या वडिलांचा. पऱ्या एल्सीने एका मुलांच्या पुस्तकातल्या चित्रांवरून काढलेल्या, कापलेल्या आणि टोपीच्या टाचण्यांनी गवतात खोचलेल्या. शेरलॉक होम्सचा जन्मदाता आर्थर कॉनन डॉयल या फोटोंना भुलला आणि १९२० च्या डिसेंबरात त्याने 'स्ट्रँड' मासिकात त्यावर लेख लिहिला. सिगरेटच्या राखेवरून खुनी ओळखणारा माणूस निर्माण करणाऱ्याला टाचणी दिसली नाही. दोघी बहिणींनी ते कापलेले कागद होते असं उघडपणे कबूल केलं ते थेट १९८३ मध्ये. एवढी वर्षं गप्प राहण्याचं एक कारण कोवळं होतं: एवढा मोठा माणूस फसलाय, आता त्याला तोंडघशी कसं पाडायचं.

माझ्याकडे सेफ्टी पिनांचं अख्खं पाकीट होतं. मी घोंगडी आत्याच्या खांद्यावर टाकली आणि गळ्याभोवती पानं पिनांनी टोचायला लागले. मध्यशीर धरून टोचली की पान सरळ बसतं. अकरा पानं झाली तेव्हा तिने माझा हात धरला.

"भोकं पाडू नको गो पानांना."

"दिसत नाहीत, आत्ये. पिना आतून आहेत."

"दिसण्याचं नाही म्हणत मी. दे इकडे."

तिने आढ्यावरून इरल्याचा सांगाडा काढायला लावला, झटकायला लावला, मांजराची पिल्लं टोपलीत हलवायला लावली. मग कोयतीने बांबूच्या चोया काढून, एकेक देठ सांगाड्याच्या कांबीवर दुमडून, चोय देठातून घालून दोन टाके, असं करत ती पुढच्या तासाभरात उरलेली चौतीस पानं लावून मोकळी झाली. प्रत्येक टाका देठातच. पानाला कुठेही धक्का नाही. खालची ओळ आधी, वरची तिच्यावर चढलेली, म्हणजे पाणी घरंगळत जाईल. मला वाटलं, काय दृष्टी आहे बाईची. काहीही न शिकता पानाचं सौंदर्य अखंड ठेवण्याची ही जाण आली कुठून? मी वहीत तसं लिहूनही घेतलं.

ऋतू

यात घाई नसावी. इंग्लंडच्या कर्स्टी मिचेलचं उदाहरण घ्या. फॅशनच्या धंद्यात नोकरी करणारी बाई. शाळेत इंग्रजी शिकवणारी आई २००८ मध्ये गेली. आईने लहानपणी सांगितलेल्या गोष्टींसाठी तिने सरेमधल्या घराजवळच्या रानात फोटो काढायला घेतले, नाव 'वंडरलँड'. पोशाख, मुकुट, टोप स्वतः तयार करायची. २००९ ते २०१४ अशी पाच वर्षं आणि हाती आले चौऱ्याहत्तर फोटो. निळ्या ब्लूबेलची फुलं तिथे वसंतात थोडेच आठवडे असतात. तो मुहूर्त हुकला की पोशाख कपाटात आणि बाई पुढच्या वसंताची वाट बघत. त्या फोटोंत रंगांची इतकी उधळण आहे की माझ्या डोळ्यांना जरा जास्तच होते. पण ते वाट बघणं मात्र मला कळतं.

आपल्याकडे याहून कठीण परीक्षा उपलब्ध आहे. सह्याद्रीतली कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, मग सगळी झुडपं एकदम जांभळी होतात आणि मरतात. कारवीत उभं राहून फोटो काढायचं ठरवलंत आणि त्या दिवशी मेमरी कार्ड घरी राहिलं, तर पुढच्या खेपेला नायिका आजी झालेली असू शकते. कास पठाराचा नाद नवशिक्यांनी सोडावा. २०१२ पासून ते पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात आहे आणि तिथे फुलांपेक्षा फुलांत आडवी पडणारी माणसं जास्त येतात. एक माणूस लोळला की वीतभर उंचीच्या त्या झाडोऱ्याचं बी धरायचं राहून जातं. आमच्या सड्यावरही श्रावणात सीतेची आसवं येतात, नखाएवढी निळीजांभळी. त्यांच्यासाठी वाकून बघावं लागतं, त्यामुळे ती सुरक्षित आहेत.

उजेड

पावसाळी आभाळ हा फुकटचा स्टुडिओ आहे. सगळं आकाश एकच मोठा पडदा होतं, सावल्या विरघळतात, सुरकुत्या मऊ दिसतात. नवशिके ऊन पडण्याची वाट बघत बसतात. ऊन पडलं की जेवून घ्यावं.

ओल्या पानावर मात्र आभाळाची चमक बसते आणि हिरवं पान फोटोत पांढरट, प्लास्टिकसारखं येतं. त्यासाठी भिंगापुढे पोलरायझर फिल्टर लावून हळूहळू फिरवावा. एका ठिकाणी चमक उतरते आणि आतला हिरवा वर येतो. ते बघताना प्रत्येक वेळी जादू वाटते. पण हा फिल्टर दीड-दोन स्टॉप उजेड खातो. झाडाखाली आधीच काळोख, त्यात हे. शटर एक पंधरांश सेकंदावर येतं, म्हणजे तिकाटणं हवं आणि माणसाने श्वास धरायला हवा. झाडाखालचा उजेड पानांतून गाळून येतो, त्यामुळे माणूसही हिरवा दिसतो. त्यावर उपाय धोतर. भाच्याने आजोबांचं पांढरं धोतर ताणून आत्याच्या डाव्या अंगाला धरलं की गालावर पांढरा उजेड पडायचा. वारा आला की धोतराचं शीड व्हायचं आणि भाचा खाचराच्या दिशेने निघायचा.

उभं राहणे

हा सगळ्यात सोपा भाग असेल असं मी धरून चालले होते.

जागा आत्याच्याच बांधावरची, घरापासून हाकेच्या अंतरावर. मागे खाचरं उतरत गेलेली, पलीकडे खाडीचा राखाडी पट्टा. अंगावर हळदीच्या पानांचं इरलं, आत घोंगडी, गळ्याशी माझी पिना लावलेली अकरा पानं. ती खरोखर राणीसारखी दिसत होती. मी म्हटलं, "आता काही करू नको. नुसती उभी राहा."

ती उभी राहिली. पाच सेकंदांनी वाकली आणि बांधावरचं तण उपटलं.

"आत्ये, वाकू नको."

ती पुन्हा उभी राहिली. उपटलेलं तण कुठे टाकावं ते बघू लागली. मी ते घेतलं. मग तिचे हात एकमेकांना पुसायला लागले, मग पदराशी गेले, मग इरल्याच्या कडेशी. "कोयती तरी दे हातात," ती म्हणाली. मी नको म्हटलं. कोयती दिली तर तो शेतकरी बाईचा फोटो होईल आणि मला तो नको होता. "मग काय, अशीच रिकामी उभी राहू? कोणी बघितलं तर?"

मी हसले. ती हसली नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. या बांधावर ती साठ वर्षांहून जास्त काळ आलेली आहे. भारा घेऊन, न्याहारी घेऊन, रोपाची मूठ घेऊन, कडेवर पोर घेऊन, कुणाचं ढोर आत शिरलं म्हणून काठी घेऊन. हात रिकामे ठेवून इथे ती कधीच उभी राहिलेली नव्हती. पानांचा पोशाख तिला मुळीच नवा नव्हता. नवा होता तो हा, दोन्ही हात सोडून उभं राहण्याचा. तो तिला कुठूनच अंगाला बसत नव्हता.

त्या नॉर्वेच्या फोटोंतली माणसं तशी का बसतात, हे मला तेव्हा थोडं कळलं. आधीच्या त्या लांबलचक गप्पा पोशाखासाठी नसाव्यात, किंवा फक्त पोशाखासाठी तरी नसाव्यात. मी कॅमेरा तिकाटण्यावर तसाच सोडला आणि तिच्याशेजारी बांधावर जाऊन उभी राहिले. भाच्याला धोतर खाली घ्यायला सांगितलं. आम्ही दोघी काही करत नव्हतो. भुरभुर पाऊस इरल्यावर वाजत होता. हळदीच्या ओल्या पानांवर तो जरा जाडसर वाजतो.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "इथनं आपलं घर असं दिसतं होय."

मी बघितलं. कौलं, त्यावर चढलेला दुधी, मागल्या दारचा धूर. "आग घातलीन वाटतं सूनबाईने," ती म्हणाली, पण गेली नाही. मी हळूच मागे सरकून कॅमेऱ्यापाशी आले. तिला ते कळलं असणार, पण ती घराकडेच बघत राहिली. हात दोन्ही बाजूंना लोंबत होते, बोटं जराशी वाकलेली, मूठ धरून सोडल्यासारखी.

सहा फोटो काढले, त्यातला चौथा बरा आहे. क्षितिज जरा तिरकं आहे. डोळे ताटाएवढे नाहीत, पावसामुळे बारीक केलेले आहेत.

बघ्यांची व्यवस्था

डोळे ताटाएवढे झालेच नाहीत असं नाही. ते दुसऱ्यांचे झाले. बांधावरून खालचा रस्ता दिसतो आणि रस्त्यावरून बांध. दुपारची एसटी वळणावर मंदावली ती थांबलीच. खिडक्यांतून डोकी बाहेर. कंडक्टरने दारात उभं राहून विचारलं, "देव आलाय का?" भाच्याने सांगितलं की फोटो काढतायत. "कुणाचा प्रचार?" त्याचं उत्तर मिळायच्या आत घंटी वाजली.

शेजारची काकू छत्री घेऊन आली ती काळजीने. म्हातारीला पानं बांधून बांधावर उभं केलंय म्हणजे घरात कुणाला काही झालंय, असा तिचा समज. तिला सगळं समजावून सांगितल्यावर ती म्हणाली, मग मलाही एक काढ, पण मी पाला घालणार नाही, मी नेसून येते. ती सोनेरी काठाचं नेसून आली तोवर उजेड गेला होता. तरी काढला. तो तिने घरातल्या सगळ्यांना पाठवला. माझा कुणी मागितला नाही.

गाय धरायला का लागते तेही सांगून टाकते. रानात एखादी वस्तू हलेनाशी झाली की गाय ती हुंगायला येते. आत्या इतका वेळ हललेली नव्हती.

पोशाखाचं जतन

कलादालनांमध्ये असल्या नाशवंत पोशाखांचं काय करतात याची मला उत्सुकता होती. पानं दोन दिवसांत काळी पडणार. काही वाळवून वहीत ठेवावीत, सांगाडा आहे तसा भिंतीवर लावावा, असा माझा विचार होता. मी कार्ड कॉम्प्युटरला लावून बसले होते तेवढ्यात स्वयंपाकघरातून वास आला. गूळ, खोबरं, वेलची आणि त्यावर तोच तो, परड्यातला.

आत जाऊन बघितलं तर इरल्याचा सांगाडा भिंतीशी उघडा पडला होता. चोया एका बाजूला नीट जुडी बांधून ठेवलेल्या. पानं धुऊन, पुसून, देठ खुडून ताटात एकावर एक रचलेली. आत्या पाटावर बसून एकेक पान पुढ्यात घेत होती, तांदळाच्या पिठाचा पातळ थर बोटांनी पसरत होती, मधे सारण, मग पान मिटून मोदकपात्रात. नागपंचमीला दोन दिवस होते. पण पानं तोवर टिकली नसती.

पहिला घाणा उतरला. तिने एका पातोळीवरून पान सोलून काढलं. पांढऱ्या पिठावर मधली शीर आणि तिच्यापासून निघालेल्या बारीक रेघा, सगळ्या जशाच्या तशा उमटलेल्या होत्या. मी उचलायला हात पुढे केला तर तिने दुसरीकडे बोट दाखवलं. चुलीपाशी पानांचा एक वेगळा ढीग होता. मधोमध भोकं पडलेली, गळ्याशी लावलेली अकरा.

"त्यातनं पीठ गळतं," ती म्हणाली. "दोन वाऱ्याने नेलीन. बत्तीस झाल्या. तुझ्या पिनांनी अकरा घालवल्यास."